रस्ता जरा खराब होता

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जाफराबादला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. सांगितलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा. जीपमधून मुलाची आत्या कंबरेला हात लावत उतरली. काकांच्या सदऱ्यावर बाटलीतलं पाणी सांडून मोठा डाग पडला होता. पुड्यातल्या पेढ्यांचा एकमेकांवर आपटून आपटून पुन्हा खवा झाला होता. बाबांनी विचारलं, "लई उशीर झाला, काही अडचण?"

काका म्हणाले, "नाही नाही. रस्ता जरा खराब होता."

मग पोहे झाले, चहा झाला, माझं शिक्षण, पगार, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. निघताना आत्या स्वयंपाकघरात आईजवळ आल्या. मी पडद्याच्या अलीकडे कप गोळा करत होते. आत्या हळू आवाजात बोलत होत्या, पण आमचं घर काही एवढं मोठं नाही.

"पोरगी गुणाची आहे हो. पण तोंडावर खड्डे लई आहेत बाई. डाव्या गालाची तर चाळणीच झाली."

ते लग्न जमलं नाही. त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्या संध्याकाळी मला जो राग आला तो नेमका कशाचा होता, हे समजायला बराच वेळ लागला. माझ्या गालावर मुरमांचे वण आहेत, हे मला आरसा रोज सांगतो. आत्या खोटं बोलत नव्हत्या. त्या आणि काका एकाच जीपमधून आले होते, एकाच रस्त्यानं. त्या रस्त्यावर वासरू बसेल एवढे खड्डे होते, आणि त्याला मिळालं 'जरा खराब'. माझ्या गालावरच्या खळग्यांत तिळाचा दाणासुद्धा मावला नसता, आणि त्यांना मिळालं 'खड्डे'. मला राग आला तो या वाटणीचा.

पाहुण्यानं यजमानाच्या गावच्या रस्त्याला नावं ठेवायची नसतात. यजमानाच्या मुलीला ठेवलेली चालतात.

*

तेव्हापासून मला एक खोड लागली. सपाट नसलेल्या गोष्टींना लोक काय काय म्हणतात, ते मी ऐकत सुटले. मराठीत अशा शब्दांची चंगळ आहे. जमीन उंचसखल असते, नांगरलेलं रान ढेकळांचं असतं. दगड ओबडधोबड, भिंत खडबडीत, धुणंभांडी करून कोरडा पडलेला तळवा खरखरीत. पितळेच्या पातेल्याला पोचे पडतात, उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला आणि बायकांच्या टाचांना भेगा पडतात. सत्काराच्या भाषणात जीवनाच्या वाटेवर हमखास खाचखळगे असतात. (ज्याचा सत्कार चाललाय तो बहुधा कारनं आलेला असतो, ते सोडा.)

आता या यादीत अनारसा घाला. अनारशाला जाळी पडली नाही तर करणारीचा जीव टांगणीला लागतो. ती पडली की ताट शेजारी दाखवायला नेलं जातं. जाळी म्हणजे तरी काय, वरच्या बाजूला पडलेली बारीक बारीक भोकं. पण अनारशाला खड्डे पडलेत, असं म्हणताना तुम्ही कुणाला ऐकलं आहे का? तुपाचंही तसंच. ते जिभेला कणीदार लागलं तर आपण त्याला खरखरीत म्हणत नाही, रवाळ म्हणतो आणि आणखी एक चमचा घेतो. उलट बाजूनं पाहा. फरशी गुळगुळीत असली तर चांगली, भाषण गुळगुळीत असलं तर वाईट. गुळमुळीत असलं तर आणखी वाईट.

मला वाटायचं की हे शब्द वस्तू कशी आहे ते सांगतात. आता वाटतं, ती कशी असायला हवी होती याची बोलणाऱ्याची अपेक्षा ते आधी सांगतात, आणि वस्तूबद्दल मागाहून काही कळलं तर कळतं. जाळी म्हणणाऱ्याला भोकं हवी होती. चाळणी म्हणणाऱ्याला नको होती. आकार बहुतेक तोच.

आमच्या जुन्या घराच्या परसात आजीचं जातं पडून आहे. वरच्या तळीचा खुंटा केव्हाच गेला. लहानपणी त्यावर बसून आम्ही चिंचा फोडायचो. आजी सांगायची की दोन-तीन महिने दळलं की जातं गुळगुळीत व्हायचं आणि मग दाणा दळला जायचा नाही, नुसता आत फिरत राहायचा. पीठ जाड पडायचं, हात भरून यायचे. मग टाकीवाल्याची वाट बघायची. तो छिन्नी-हातोडी घेऊन यायचा, दोन्ही तळ्या उलट्या टाकून त्यांवर एकेक ठोका देत सगळा दगड पुन्हा टोचून काढायचा. त्याला जात्याला टाकी लावणं म्हणतात. म्हणजे दगड खडबडीत करून देण्याचे पैसे मिळायचे. गुळगुळीत जातं हे बिघडलेलं जातं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मला मुरमांच्या दिवसांत दोन-तीन जणांनी ऐकवली. तीत मूर्ती घडवणारी टाकी आहे, जी घाव घालून शेवटी सगळं घोटून काढते. घाव विसरले जावेत हाच तिचा हेतू. जात्यावरची टाकी तशी नाही. तिथे घाव राहायलाच हवेत, दळण त्यांच्यावरच चालतं. मला देवपण नको होतं, त्यामुळे ती म्हण कधी लागू पडली नाही.

विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञानं भाषेबद्दल जवळपास हीच गोष्ट सांगितली आहे. 1953 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या पुस्तकात तो बर्फाचं उदाहरण देतो. अगदी निर्दोष, तर्कशुद्ध भाषेच्या मागे लागलं की आपण घर्षण नसलेल्या बर्फावर येऊन उभे राहतो. तिथे सगळं आदर्श असतं, पण म्हणूनच चालता येत नाही. त्याला आजीचं जातं दाखवलं असतं तर उदाहरण शोधायला एवढ्या थंडीत जावं लागलं नसतं.

आणि जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारे ते लोक? टाकारी, टाकणकर अशी त्यांची नावं. दगड टोचून खरखरीत करण्याचं हे काम ज्यांचं नावच होऊन बसलं, त्यांना इंग्रजांच्या राजवटीत गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं गेलं. तो कायदा 1871 चा. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या. मधल्या काळात मूल जन्मायचं तेच यादीतल्या नावानं. एखादा शब्द वर्णन करायचं सोडून निकाल द्यायला लागला की काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्या परसातल्या दगडाला चिकटलेलं दुसरं नाही.

*

आजीच्या चेहऱ्यावरही वण होते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आणि खोल, कपाळापासून हनुवटीपर्यंत. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. 'देवी आल्या' हा शब्दप्रयोगही ऐकून बघा. मेलेली पोरं पाट्यात घालून नेणाऱ्या त्या रोगाला आपल्या लोकांनी बाईमाणूस पाहुणी यावी तसं बहुवचनी, अदबीनं बोलावलं. भीतीनं का होईना, पण शब्द आदराचा. लस टोचण्यालाही मग 'देवी काढणं' म्हणायला लागले. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या दंडावर नाण्याएवढी एक खडबडीत खूण बघायला मिळेल.

भारतातली देवीची शेवटची रुग्ण 24 मे 1975 ला आसाममध्ये सापडली, आणि 8 मे 1980 ला जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. हजारो वर्षांचा रोग माणसानं ठरवून संपवला, आणि तोही आपल्या आईबापांच्या हयातीत. हे शाळेत आम्हाला दोन ओळींत शिकवलं गेलं. त्या दोन ओळींचा अर्थ मला आजीच्या गालावर जास्त कळला.

एकदा मी तिला विचारलं होतं, "आजी, तुझ्या लग्नात कुणी बोललं नाही का गं तोंडावरून?"

"तव्हा निम्म्या गावाला व्हते," ती म्हणाली. "कोण कोणाला म्हननार?"

मला हे उत्तर फार पुढे उलगडलं. तिच्या चेहऱ्यावरचे वण आयुष्यभर तेच राहिले, पण त्यांचा अर्थ बदलत गेला. ती तरुण होती तेव्हा ते सगळ्यांसारखं असणं होतं. ती म्हातारी होईपर्यंत नवीन चेहऱ्यांवर देवी यायच्या थांबल्या आणि मग तिच्याकडे एसटीत लहान मुलं टक लावून बघायला लागली. खूण दुर्मिळ झाली तसं तिचं व्यंग झालं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तर घरकामाला नोकर हवा अशा जाहिरातींत, देवी येऊन गेलेला असावा अशी अट घालत. अशा माणसाला पुन्हा रोग होणार नाही आणि तो घरात आणणार नाही, म्हणून. तिथे गालावरचे वण म्हणजे प्रमाणपत्र होतं. चेहरा एकच, तो कुठल्या सालात आणि कुणाच्या दारात उभा आहे त्यावर शब्द ठरतो.

आजीचा एकही असा फोटो नाही ज्यात वण दिसत नाहीत. माझे सगळे फोटो तसे आहेत. फोन घेतला तेव्हापासून त्यात ब्युटी मोड आपोआप चालू आहे. मी तो चालू केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर बंदही केलेला नाही. माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमाआधी जो फोटो व्हॉट्सॲपवरून गेला होता, त्यात माझा गाल उकडलेल्या अंड्यासारखा होता. आत्यांच्या तोंडून 'चाळणी' निघाली त्यात या फोटोचाही हात असणार. त्यांना अंडं दाखवलं होतं.

ही युक्ती आजची नाही. 1610 च्या मार्चमध्ये गॅलिलिओनं व्हेनिसमध्ये एक छोटं पुस्तक छापलं. दुर्बिणीतून चंद्र पाहिला तर तो गुळगुळीत नाही, त्यावर डोंगर आणि खळगे आहेत, असं त्यात चित्रांसह दाखवलं होतं. आकाशातल्या वस्तू परिपूर्ण गोल आणि नितळ असतात, असं शिकवणाऱ्या विद्वानांची पंचाईत झाली. त्यांतल्या लोदोविको देल्ले कोलोंबे नावाच्या एकानं तोड काढली. खळगे असतील, तो म्हणाला, पण ते सगळे एका पारदर्शक स्फटिकानं भरलेले आहेत, त्यामुळे चंद्राचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीतच आहे, फक्त आपल्याला तो दिसत नाही. यावर गॅलिलिओनं सुनावलं की ठीक आहे, मग त्याच न दिसणाऱ्या स्फटिकाचे दहापट उंच डोंगर चंद्रावर आहेत, असं मी म्हणतो.

कोलोंबेला हसताना मला माझा फोन आठवतो. त्याला चंद्राबद्दल द्वेष नव्हता, उलट फार आदर होता. आदरापोटीच त्यानं खळगे बुजवले. पण त्याचा आदर होता तो त्याच्या मनातल्या चंद्राला, वर आकाशात असलेला चंद्र मात्र त्याला नकोसा झाला होता.

*

तर काही महिने माझा नियम पक्का झाला होता. माणसाच्या चेहऱ्याबद्दल गप्प बसावं, रस्त्याबद्दल नेमकं बोलावं. चेहऱ्याला कुणी जबाबदार नसतं, रस्त्याला असतं. आपण नेमकं उलटं करतो, हा आपला दोष. मला हा नियम फार आवडला होता. मैत्रिणींना ऐकवूनही झाला.

मग मी संभाजीनगरला त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. मॅडमनी दिवा जवळ आणला, गाल ताणून बघितला आणि सहायक मुलीला लिहून घ्यायला सांगितलं. डाव्या गालावर आइसपिक इतके, बॉक्सकार इतके, कानाजवळ रोलिंग. मी अर्थ विचारला तर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आइसपिक म्हणजे सुईनं टोचल्यासारखा, तोंड अरुंद पण खोल गेलेला वण. बॉक्सकार म्हणजे रुंद आणि काठ सरळ उतरलेला, खोक्यासारखा. रोलिंग म्हणजे काठच नसलेला, लाटेसारखा चढउतार. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि कुठलाही उपाय ते पूर्ण घालवत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

माझ्या चेहऱ्याबद्दल एवढं बारकाईनं कुणी कधी बोललं नव्हतं. माझ्यासमोर, मोजून, तिसऱ्या व्यक्तीला लिहून देत. नियमाप्रमाणे मला मरणाचं वाईट वाटायला हवं होतं. मी बाहेर आले तेव्हा उलट हलकं वाटत होतं.

म्हणजे दुखलं होतं ते अचूक बोलण्यानं दुखलं नव्हतं. आत्यांचा शब्द अचूक नव्हताच मुळी. डॉक्टरांनी तीन प्रकार वेगळे केले, आत्यांनी सगळ्यांना मिळून एक शब्द टाकला आणि वर चाळणी लावली. शब्द बोलून झाल्यावर पुढे काय करायचं, हे डॉक्टरांना माहीत होतं. आत्यांना त्या शब्दाचं पुढे काही करायचं नव्हतं, किंवा एकच करायचं होतं. बैलबाजारात घेणारा आधी बैलाचा दात बघतो, खूर बघतो आणि मोठ्यानं खोड काढतो. बैलाला बरं वाटावं म्हणून नाही. भाव उतरावा म्हणून.

आणि गप्प बसण्यात मोठी माणुसकी आहे असं मी धरून चालले होते, तेही तितकंसं खरं नाही. आमच्या घरात माझ्या गालाबद्दल वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही. आईनं बेसन-हळद लावायला दिली ती न बोलता, बाबांनी फोटो काढताना मला उजव्या बाजूला उभं केलं ते न बोलता. त्या शांततेचा आकार अगदी माझ्या डाव्या गालाएवढा होता. तीही कोलोंबेच्या स्फटिकासारखी, न दिसता भरून ठेवलेली.

मराठीत एक गंमत आहे. तोंडावर येतो तोही मुरूम आणि टेकडी खणून टिप्परमधून येतो तोही मुरूम. आई ओरडायची, मुरूम फोडू नको, खड्डा पडेल. रस्त्याला खड्डा पडला की त्यात मुरूम टाकतात. पावसाळ्यात टाकलेला मुरूम दुसऱ्या पावसात वाहून जातो, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि बघणाऱ्यालाही. तरी खड्डा भरला, असं म्हणायची सोय होते.

*

गेल्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ संध्याकाळी रानातून येत होता. नुकताच पाऊस येऊन गेलेला. रस्त्यावर पाणी साचलेलं दिसत होतं, त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. पुढचं चाक आत गेलं आणि दादा हँडलवरून पुढे फेकला गेला. मनगट मोडलं, समोरचे दोन दात गेले. हेल्मेट होतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. दादाचा उजवा हात मोडलेला, म्हणून मी भरला. 'अपघाताचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'दुचाकी घसरून'. मी, जी वर्षभर लोकांचे शब्द पकडत फिरत होते, तिनं. कुणी सांगितलं नव्हतं. पेन आपोआप तिथे गेलं. पेपरमध्ये आपण हेच वाचत आलोय. दुचाकी घसरून एक जखमी, दुचाकी घसरून एक ठार. या वाक्यात रस्ता नाहीच. दुचाकीला जणू लहर आली आणि ती घसरली. पोलिसांत गेलं तर वाक्य आणखी पुढे जातं, भरधाव वेगात, हयगयीनं, निष्काळजीपणे. तिथे कर्ता सापडतो, आणि तो बहुधा पडलेला माणूसच असतो. दादाही शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला, "मपलंच ध्यान नव्हतं."

मी खड्डा लिहिलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. कुठला, केवढा, कुणाच्या हद्दीत, तक्रार करायची का. त्या रात्री कुणालाच प्रश्न नको होते. आत्या आणि मी यांच्यात तेव्हा मला फारसा फरक दिसेना. जिथे काही उलटून येणार नाही तिथे त्या बोलल्या, जिथे येईल तिथे मी बोलले नाही.

आमच्या तालुक्याच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो, आणि त्यात लोणार. पावणेदोन-अठराशे मीटर रुंदीचा हा खड्डा बघायला लोक जगातून येतात, आणि त्याला कुणी खड्डा म्हणत नाही, विवर म्हणतात. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. हा कशानं पडला यावर पुढे दीडशे वर्षं वाद चालला. ज्वालामुखीनं, म्हणणारे पुष्कळ होते. शेवटी तळातून काढलेल्या नमुन्यांत आघातानं काच झालेलं खनिज सापडलं, 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला, आणि तो आकाशातून आलेल्या दगडानं पडल्याचं ठरलं. पन्नासेक हजार वर्षं तरी जुन्या खड्ड्याचं कारण शोधायला माणसांनी एवढे कष्ट घेतले. गावच्या रस्त्यावर मागच्या महिन्यात पडलेल्या खड्ड्याचं कारण विचारा, उत्तर तीन सेकंदांत येतं. पावसानं.

पावसानं नाही. डांबराला आधी चीर पडते. ती वेळेवर बुजवली नाही, आणि कडेला पाणी जायला नाली नसली, तर पाणी चिरेतून खाली उतरतं. खालचा खडीचा थर सुटा होतो, वरून ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या जातात, पोकळ झालेलं डांबर आत खचतं. आमची काळी माती तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता मुळात जास्त काळजीनं बांधावा लागतो. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी करायचं होतं. 'पावसानं' या शब्दात ती सगळी माणसं आरामात झाकून जातात.

मुंबईत दादाराव बिल्होरे नावाचे गृहस्थ आहेत. जुलै 2015 मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यानं त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. तेव्हापासून ते स्वतः फावडं घेऊन शहरातले खड्डे भरत फिरतात. त्यांच्याबद्दल वाचताना मला नेहमी वाटतं की हा माणूस खड्डा हा शब्द पूर्ण वजनासकट उच्चारत असेल. कोर्टातही तो शब्द आता जरा जड झाला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये, आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. पण भरपाई मागायची तर आधी कागदावर खड्डा हवा. 'दुचाकी घसरून' लिहिलेल्या कागदावर तो नसतो. तो मीच ठेवला नव्हता.

त्याच दिवाळीला मी घरी गेले. दादाच्या विम्याचा दुसरा फॉर्म आला होता. त्यात 'घटनेचे सविस्तर वर्णन' असा मोठा रकाना होता, आठ ओळींचा. मी दादाला म्हटलं, चल, बघून येऊ. शेजारच्या मिस्त्रीची मोजपट्टी मागून घेतली. दादा नको म्हणत होता, लोक हसतील म्हणून. तरी आला.

खड्डा जागेवर होता. मध्ये दोनदा मुरूम टाकून झाला होता म्हणे, त्याचा थोडा लाल गाळ कडेला वाळला होता. मी वाकून पट्टी धरली, दादानं डाव्या हातानं दुसरं टोक. लांबी 4 फूट 2 इंच. रुंदी अडीच फूट. खोली मोजायला वर आडवी काठी ठेवावी लागली, 9 इंच. एका बाजूचा काठ सरळ उतरलेला, दुसरीकडचा लाटेसारखा. बॉक्सकार आणि रोलिंग, माझ्या मनात आलं. मी फोनवर फोटो काढला. ब्युटी मोड रस्त्यावर चालत नाही, सगळं आलं.

पलीकडे टपरीवर एक आजोबा बसले होते. बराच वेळ आमच्याकडे बघून शेवटी उठून आले.

"काय मोजता गं बाई? नवा रोड व्हनार का?"

"नाही बाबा, खड्डा मोजतोय," दादा म्हणाला.

आजोबांनी एकदा खाली बघितलं, एकदा दादाच्या तोंडाकडे.

"ह्यो तर ल्हान हाय," ते म्हणाले. "फुडच्या वळनावर चला, दाखवतो."